मिठाच्या डावीकडे: क्रॅनबेरी सॉस, डब्यातला आणि घरी शिजवलेला

गेल्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार 27 नोव्हेंबर 2025 ला आला. आमच्या बडोद्याच्या घरी, दांडिया बाजारात, त्या संध्याकाळी सतरा पानं झाली. रविवारी पुतण्याचं लग्न, त्यासाठी लेक, जावई आणि दोन्ही नातवंडं अमेरिकेहून आलेली, पुण्याहून नणंदबाई आलेल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई तर घरच्याच. जाऊबाईंचं महालक्ष्मीचं व्रत असतं. दिवसभर उपास, दिवेलागणीला नैवेद्य, मग पंगत. योगायोग असा की तोच दिवस अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा. त्यांचा हा सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येतो.

जावई मूळचे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले. आल्या दिवशीच त्यांनी बॅगेतून पायमोज्यांत गुंडाळलेले दोन डबे काढले आणि ओट्यावर ठेवले. क्रॅनबेरी या लहान, लाल, आंबट फळाचा सॉस. "आई, टर्की नको, काही नको. गुरुवारी पानात हे पाहिजे," असं आपल्या मराठीत म्हणाले. एवढंच मागणं. ते मी मनावर घेतलं.

हे सगळं सविस्तर लिहिते आहे कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत. सुट्टीला येताना हा डबा बॅगेतून येतो, आणि त्याचं करायचं काय हे न कळून तो फडताळात मागे मागे सरकत जातो. काही जण तो जॅम समजून मुलांच्या डब्यात देतात. काही जण घरी करून बघतात आणि कडू झाला म्हणून ओतून देतात. मी त्या आठवड्यात डब्यातला खाल्ला, घरी तीन वेळा शिजवला, आणि सतरा जणांच्या पानात वाढून पाहिला. मी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून होम सायन्स केलं, अन्न आणि पोषण हा विषय घेऊन, 1979 साली. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना 1950 मध्ये सुरू झालेली ती फॅकल्टी. फळं टिकवण्याचं प्रात्यक्षिक आम्हाला दोन वर्षं होतं, आणि पुढे तीस वर्षं मी शाळेत तेच शिकवलं. त्यामुळे जेली, मुरांबा, पाक या गोष्टींबद्दल मी जरा हट्टाने बोलते.

माझी कसोटी आधी सांगते. जावयांच्या घरी हा सॉस खारट, तुपकट, भाजलेल्या जेवणाबरोबर खातात. म्हणजे तो गोडाचा पदार्थ नाही, जॅमही नाही. आपल्या पानात मिठाच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं वाढतो, तिथली ही वस्तू आहे. डाव्या बाजूचं काम ठरलेलं असतं. जड घास झाला की जीभ धुवून काढायची, पुढच्या घासाला तयार करायची. क्रॅनबेरी सॉस चांगला की वाईट, हे मी तेवढ्यावरून ठरवलं.

पहिला डबा बुधवारी दुपारी उघडला. चंपाषष्ठी होती. आमचं कुलदैवत खंडोबा, चातुर्मासात वांगं बंद असतं, ते त्या दिवशी सुटतं. भरीत, बाजरीचे रोडगे, लोणी असा बेत होता.

डब्यावरचं नाव मला उलटं छापल्यासारखं वाटलं. सरळ धरला की गोलसर, शिवण नसलेली बाजू वर आणि कडा असलेली खाली. जावयांनी समजावलं की ते मुद्दाम आहे. डबा असा ठेवला की आतली हवा गोल बाजूला राहते. कडेची बाजू कापायची, डबा ताटलीत पालथा घालायचा, आणि गोल बाजूच्या त्या हवेमुळे जेली अखंड सुटून खाली येते. आमच्याकडे हाताने फिरवायचं डबा-ओपनर नाही, जुनं टोचून कापायचं आहे. मी त्याने कापलं, पालथा घातला, दोनदा थोपटला. आधी काही हललं नाही. मग आतून हवा सुटल्याचा एक ओला आवाज आला आणि गडद लाल दंडगोल सावकाश उतरत ताटलीत उभा राहिला. डब्याच्या अंगावरची वळी जशीच्या तशी त्याच्यावर उमटलेली. नात टाळ्या वाजवायला लागली. जावई म्हणाले, त्यांची आजी त्या वळ्यांवरूनच सुरी चालवायची, सगळ्यांना सारख्या चकत्या.

जेली म्हणून सांगते, काम उत्तम आहे. कॉलेजात आम्हाला चांगल्या जेलीची लक्षणं पाठ करायला लावायचे: साच्यातून काढल्यावर आकार धरला पाहिजे, हलवली तर थरथरली पाहिजे, सुरीने कापल्यावर कड धारदार राहिली पाहिजे, आणि आरपार उजेड दिसला पाहिजे. डब्यातली जेली या चारही गोष्टींत पास. पाणी सुटलेलं नाही, दाणे धरलेले नाहीत. खिडकीशी चकती धरली तर माणकासारखी दिसत होती.

चवीत मात्र मला ती पटली नाही. पहिल्यांदा गोड, मग पुन्हा गोड, आणि शेवटी सायट्रिक ॲसिडचा एक टोचरा आंबटपणा. लिमलेटच्या गोळीत असतो तसा. फळाचा आंबटपणा आणि हा आंबटपणा जिभेला वेगवेगळ्या जागी लागतात. डब्यावरची यादी वाचली तर क्रॅनबेरीच्या पाठोपाठ मक्यापासून काढलेलं गोड सिरप, तेही दोन प्रकारचं. त्याच्यानंतर पाणी. भरताबरोबर खाऊन बघितलं. वांग्याला भाजल्याचा धुरकट वास, कच्चं तेल, हिरवी मिरची, आणि त्यात ही गोड चकती. दोघांचं अजिबात जमेना. भरीत आपली चव सांगायला लागलं की जेली त्याच्यावर साखर ओतत होती. लोणी लावलेल्या रोडग्याबरोबर बरी लागली, पण ती जॅम म्हणून. डाव्या बाजूला मी तिला वाढणार नाही, हे माझं बुधवारीच ठरलं.

जावयांना मी हे स्पष्ट सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट ते ओट्याशी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी जे सांगितलं त्याने त्या डब्याकडे बघायची माझी नजर बदलली. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त क्रॅनबेरी एकट्या विस्कॉन्सिनमध्ये पिकतात. वेल जमिनीलगत पसरतो, दलदलीच्या, वाळू घातलेल्या वाफ्यांत. काढणीच्या वेळी वाफ्यांत पाणी सोडतात. फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे वेलावरून झटकलेलं फळ पाण्यावर तरंगतं. सगळं तळं लाल होतं आणि माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून फळं एका बाजूला लोटतात. असं पाण्यातून काढलेलं फळ ताजं विकायला टिकत नाही, ते कारखान्यात जातं, रसाला आणि सॉसला. ताजं विकायचं फळ कोरडं काढावं लागतं, आणि ते फार थोडं असतं. म्हणून शेतं घरापासून अर्ध्या तासावर असूनही त्यांच्या आजीच्या टेबलावर वर्षानुवर्षं डबाच होता.

डब्याची सुरुवात मॅसॅच्युसेट्समधल्या हॅन्सन गावची. मार्कस युरन नावाचे एक वकील होते, वकिली सोडून क्रॅनबेरीच्या शेतीत पडले, आणि 1912 साली त्यांनी सॉस डब्यात भरायला सुरुवात केली. क्रॅनबेरीचा हंगाम दोनेक महिन्यांचा. त्यात डागी, ठेचलेलं फळ ताजं म्हणून कोणी घेत नाही. ते शिजवून डब्यात गेलं तर शेतकऱ्याला त्याचेही पैसे आणि गिऱ्हाइकाला वर्षभर सॉस. 1930 मध्ये युरन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. हे ऐकताना आमचे हे एकदम खुर्चीत सावरून बसले. आणंद इथून तासाभरावर. 1946 साली तिथल्या दूध उत्पादकांनी तेच केलं, नासणाऱ्या मालाला टिकाऊ रूप दिलं आणि मालकी आपल्याकडे ठेवली. यांची सगळी नोकरी आणंदच्या बाजूला दुग्धव्यवसायाशी निगडित कामात गेली, त्यामुळे सासरे-जावयांचं त्यावर जे सुरू झालं ते संध्याकाळच्या चहापर्यंत.

एक गोष्ट मला फार लागली. 1959 साली सणाच्या सतरा दिवस आधी अमेरिकी सरकारने जाहीर केलं की काही क्रॅनबेरींत तणनाशकाचा अंश सापडलाय. दुकानांतून डबे उतरवले गेले. जावयांची आजी तेव्हा नवी नवरी. त्या वर्षी टेबलावर सॉस नव्हता, आणि तिला ते रिकामं ताटलं शेवटपर्यंत आठवायचं. पुढच्या वर्षी सॉस परत आला, तोही डब्यातलाच. एखाद्या घरात डब्याची जागा अशी ठरते. मला चव आवडली नाही तरी मी त्या डब्याला वाईट म्हणणार नाही.

आता घरचा.

ताजी क्रॅनबेरी बडोद्यात मिळत नाही. खंडेराव मार्केटात मी विचारलंसुद्धा, निदान करवंदं तरी असतील म्हणून. आमची नेहमीची भाजीवाली हसली, "बेन, करमदां तो चोमासामां आवे, अत्यारे क्यांथी लावुं?" खरंच आहे, करवंद पावसाळ्यातलं. सुक्यामेव्याच्या दुकानात सुकी क्रॅनबेरी हवी तेवढी आहे, पण तिचा सॉस करायच्या फंदात पडू नका. ती आधीच साखरेत मुरवलेली असते, शिजवली तर फुगते, फुटत नाही, आणि रस दाटत नाही. राहिली गोठवलेली. ती अर्ध्या किलोच्या पिशवीत ऑनलाइन मिळते. मी मागवली ती सोमवारी भर दुपारी आली, खोक्यात बर्फाचं पाकीट नावाला, पिशवी मऊ पडलेली आणि खालून लाल पाणी गळत होतं. तक्रार केली, अर्धे पैसे परत आले. फळ नासलेलं नव्हतं, पण परत गोठवणं बरोबर नाही, म्हणून ती पिशवी मी मंगळवारी तालमीला वापरली. दुसरी अलकापुरीतल्या एका गोठवलेल्या मालाच्या दुकानातून लेक स्वतः जाऊन थंड पिशवीत घेऊन आली. तुम्हीही शक्य असेल तर दुकानातूनच आणा. पिशवी हातात धरून दाबून बघा, आतली फळं गोट्यांसारखी सुटी वाजली पाहिजेत. एकच गोळा झाला असेल तर ती मध्ये कुठेतरी एकदा वितळलेली आहे.

तालमीत माझं चुकलं. तिकडचं ठरलेलं प्रमाण 340 ग्रॅम फळ, एक कप साखर, एक कप पाणी. मी तेच धरून अर्धा किलो लावला, साखर पहिल्यापासून घातली, आणि दाट व्हायची वाट बघत पंचवीस मिनिटं शिजवत बसले. आपल्या मुरांब्याची सवय. पाक तारेवर येईपर्यंत हात थांबत नाही. क्रॅनबेरीला हे चालत नाही. तिच्यात पेक्टिन, म्हणजे रस जेलीसारखा धरणारा फळातला घटक, मुळातच भरपूर. गरम असताना ती पातळच दिसते आणि गार झाल्यावर घट्ट होते. मी कढईत घट्ट केली ती गार झाल्यावर चमच्याला ओढून घेईना, साली चिवट राहिल्या आणि सालींतला तुरटपणा इतका उतरला की घशाला कोरड पडली. नणंदबाईंनी एक बोट चाखून पाणी मागितलं.

गुरुवारची गोष्ट वेगळी होती, आणि अवघडही. जाऊबाईंनी सकाळीच सांगितलं, "हे जर पंगतीला वाढायचं असेल तर आधी देवीला दाखवायचं. आणि दाखवायचं तर चाखायचं नाही." बरोबरच होतं. म्हणजे परदेशातलं फळ, आयुष्यात दुसऱ्यांदा शिजवायचं, आणि जिभेवर थेंबही न ठेवता गोड-आंबट साधायचं. मी वजनकाटा काढला. 340 ग्रॅम फळ, 150 ग्रॅम साखर, पाऊण कप पाणी, अर्ध्या संत्र्याची साल किसून, चिमूटभर मीठ. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं. पितळेचं घेऊ नका, कल्हई नीट नसेल तर एवढ्या आंबट फळाने उतरेल. ॲल्युमिनियमही नको.

पाणी उकळल्यावर गोठलेलीच फळं आत टाकली, वितळवायची गरज नसते. दोन मिनिटं पातेलं अगदी गप्प होतं. मग एक टप्प असा आवाज आला. मग दुसरा. आतल्या हवेची आणि पाण्याची वाफ होते आणि साल फाटते, इतकंच, पण उभं राहून ऐकावं असं ते आहे. मोहरी तडतडते त्याहून जाड आवाज, पिकलेली चिंच पायाखाली आल्यासारखा. फुटलेल्या फळातून आधी फिकट गुलाबी रस येतो आणि बघता बघता सगळं पातेलं डाळिंबी होतं. नात स्टुलावर उभी राहून मोजत होती, साठाच्या पुढे तिचा हिशेब चुकला. बहुतेक फळं फुटली, थोडी अखंड राहिली, तेव्हा साखर घातली. साल मऊ झाल्यावर साखर घातली की ती चिवट होत नाही. त्यानंतर चार मिनिटं आणि आच बंद. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत.

झालं की नाही हे चाखल्याशिवाय कसं कळणार? कॉलेजात आम्ही रसाचा एक चमचा स्पिरिटमध्ये सोडून पेक्टिन बघायचो, चांगलं असलं की जेलीसारखी एकसंध गुठळी उचलता यायची. घरी त्याची गरज नाही. एक बशी आधीच फ्रीजरमध्ये ठेवली होती. तिच्यावर थेंब टाकला, मिनिटभर थांबले आणि बोटाने कडेला ढकलला. पृष्ठभागावर बारीक सुरकुती आली. दुधावर साय धरायला लागते तेव्हा येते तशी. तेवढं पुरे. ती बशी नातीला धुवायला दिली, आणि चाटायची नाही हे तिने कसोशीने पाळलं.

उरलेल्या 160 ग्रॅम फळांचा जाऊबाईंनी मेथांबा केला. ही कल्पना सगळी त्यांची. कैरीचा करतो तसाच. तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे गुलाबी होईपर्यंत, हिंग, हळद, तिखट, त्यात फळं, दोन चमचे पाणी, फुटली की मीठ आणि 120 ग्रॅम गूळ. साध्या सॉसला मी गूळ घालणार नाही, रंग मळतो आणि गुळाचा वास क्रॅनबेरीचा वास झाकून टाकतो. फोडणीत मात्र तो पाहिजेच. मेथीचा कडवटपणा आणि सालीचा तुरटपणा एकमेकांना धरून राहिले. मंगळवारी ज्या तुरटपणाने माझा सॉस बिघडवला, त्याच तुरटपणाने हा मेथांबा उभा राहिला.

पंगतीला पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, सुरती पापडीची भाजी, बटाट्याची भाजी, भजी, काकडीची कोशिंबीर. पानात मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, ओल्या नारळाची चटणी, मग साधा सॉस चमचाभर, मेथांबा चमचाभर. डब्यातल्या जेलीच्या चकत्या वेगळ्या ताटलीत, ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. आणि श्रावणात मी केलेली करवंदाची जेली, कारण जाऊबाईंचा बुधवारपासून एकच घोष होता, "हे आपलं करवंदच आहे, उगाच कौतुक करताय."

करवंदाबद्दल आधी सांगून टाकते. दोन्ही झाडं नात्याने दूरची. करवंदाला चीक असतो, आत चावायला लागणाऱ्या बिया असतात, क्रॅनबेरीला यातलं काही नाही. पण आंबटपणा, पेक्टिन, रंग, यांत दोघांचं गोत्र एक म्हणायला हरकत नाही. माझी जेली डब्यातल्या जेलीपेक्षा कितीतरी उजवी लागली, हे जावयांनीही मान्य केलं. आपल्याकडे करवंदाचे हाल होतात. बेकरीच्या केकवर लाल चेरी म्हणून जी असते ती पुष्कळदा रंग आणि पाक पाजलेलं करवंदच असतं, आणि त्याला नाव मात्र दुसऱ्याचं. ज्यांना गोठवलेली क्रॅनबेरी मिळत नाही त्यांनी पावसाळ्यात करवंदं घ्यावीत, गुलाबीसर कच्ची, आणि याच पद्धतीने करावीत. चीक जाण्यासाठी चिरून मिठाच्या पाण्यात ठेवायची आणि बिया काढायच्या, एवढंच काम वाढतं.

आता पानातलं. साधा सॉस भज्याबरोबर सुरेख लागला. तळणीचा घास, वर आंबट, किंचित गोड, मागून संत्र्याच्या सालीचा वास, आणि जीभ कोरी. चिंचेच्या चटणीचं काम, पण हलकं, पाचक. पुरणपोळीबरोबर त्याची गंमत मला अपेक्षित नव्हती. तुपाने माखलेल्या पोळीचा गोड घास तीन-चार घासांनंतर बसतो, तेव्हा थेंबभर सॉस लावला की पोळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. यांनी त्या बळावर एक पोळी जास्त खाल्ली. साखर 200 ऐवजी 150 ग्रॅम केली म्हणूनच हे जमलं. ठरलेल्या प्रमाणात केला असता तर गोडावर गोड झालं असतं. आणि न चाखता केलेला पदार्थ इतका बेताचा उतरला याचं समाधान मला अजून आहे.

पण त्या दिवशीचा खरा मानकरी मेथांबा आणि मसालेभात. मसालेभातातला गोडा मसाला, तोंडली, वर खोबरं-कोथिंबीर आणि तुपाची धार, त्याला हा गडद लाल, तिखट-आंबट-कडसर चमचा. सतरातल्या बारा जणांनी परत मागितला. जावयांनी भात संपल्यावर नुसता बोटाने पुसून खाल्ला आणि जाऊबाईंना म्हणाले, "मोठी आई, हे माझ्या आजीला द्यायला पाहिजे होतं." जाऊबाई काही बोलल्या नाहीत, आत जाऊन उरलेला मेथांबा बरणीत भरून घेऊन आल्या आणि त्यांच्या पानाशी ठेवला.

डब्यातल्या चकत्या कोणी घेतल्या? जावयांनी दोन, दोन्ही नातवंडांनी दोन-दोन, लग्नाला आलेल्या पुण्याच्या भाच्याने एक. जावयांनी आपल्या चकतीला घरचा सॉस लावून पाहिला नाही, मेथांबाही नाही. ती त्यांनी वेगळी, सगळ्यात शेवटी, सावकाश खाल्ली. ती चकती त्यांच्या डाव्या बाजूला वर्षानुवर्षं आहे. ते मला समजतं. माझ्या आईच्या हातची लिंबाची उपासाची लोणची जरा जास्तच गोड असायची, पण माझ्यासाठी लिंबाचं लोणचं म्हणजे तेच.

तरीही विकतची वस्तू म्हणून विचाराल तर माझं मत असं: डब्याला पाचांतले अडीच. एक त्या घडणीला, कारण असा अखंड, नितळ घाट घरी येत नाही. एक सोयीला. अर्धा नातवंडांच्या टाळ्यांचा. जेवणातल्या कामाला मी काही देऊ शकत नाही. तुमच्याकडे डबा आलाच असेल तर तो पंगतीत वाढू नका, दुसऱ्या दिवशी लोणी लावलेल्या पावावर चकती ठेवून द्या, किंवा किसून दह्यात कालवा. दह्याने त्याचा गोडवा बराच आवरतो, वरून जिरेपूड आणि मीठ घातलं की रायत्याच्या जवळ जातं. आम्ही शुक्रवारी तसं केलं आणि ते संपलं. घरच्या साध्या सॉसला चार. पूर्ण पाच नाहीत, कारण फळ बाहेरून येतं, महाग पडतं, आणि दहा मिनिटांत दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की बिघडतं. मेथांब्याला पाच, जाऊबाईंच्या हातासकट.

टिकण्याचं म्हणाल तर क्रॅनबेरीत बेन्झोइक आम्ल निसर्गतःच असतं आणि ती स्वतः फार आंबट, त्यामुळे साध्या सॉसला फ्रीजमध्ये काचेच्या बरणीत दहा दिवस काही झालं नाही. त्यापुढे उरलाच नाही. डबा एकदा उघडला की उरलेली जेली डब्यातच ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढा. करायचा झाला तर आदल्या दिवशी करा, रात्रभर मुरला की सालीचा तुरटपणा बसतो. आम्ही त्याच दिवशी केला तेव्हा सकाळी दहाला शिजवून संध्याकाळपर्यंत ठेवला होता, तेवढ्यानेही फरक पडला.

दुसरा डबा जावयांनी इथेच ठेवलाय. फडताळात गोल बाजू खाली करून मी ठेवला होता. त्यांनी निघायच्या आदल्या रात्री तो फिरवून गोल बाजू वर केली आणि मला दाखवलं, असा, म्हणजे पुढच्या खेपेला नीट सुटेल.